विळीची धार

पिकलेला टमाटा दिसावयास मोठा मऊ असतो. परंतु तो चिरावयास बसले म्हणजे हा मऊपणाच चिरणाऱ्याला अडचणीत आणतो. काकडी ताठ असते, कांदा घट्ट असतो. सुरी टेकताच ते कापले जातात. टमाटा मात्र दबतो आणि मग एकदम फुटतो.

उदगीर गावातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. तव्यावर ज्वारीची भाकरी फुगत आहे. आजी नातवाला म्हणते, “बाळा, तेवढे चार टमाटे चिरून दे. कोशिंबीर करते.” नातू जुनी सुरी घेतो आणि टमाट्यावर जोराने दाबतो. साल आत जाते, पण कापली जात नाही. तो आणखी जोर करतो. तोच टमाटा फुटतो आणि रसाची चिळकांडी त्याच्या सदऱ्यावर उडते.

“आजी, हा टमाटाच खराब आहे!”

“टमाटा नव्हे रे, सुरी बोथट आहे आणि तुझा हात घाईचा आहे,” आजी हसून म्हणते. “दाबू नकोस, ओढ.”

आजीच्या या दोन शब्दांत मोठे शास्त्र भरलेले आहे. टमाट्याच्या १०० भागांत सुमारे ९४ भाग पाणी असते. आत गर आणि रसाने भरलेले कप्पे असतात व त्या रसात बिया असतात. या साऱ्याला आवरून धरणारी साल पातळ खरी, पण चिवट असते. सुरी वरून दाबली म्हणजे आतील मऊ गर खाली सरतो आणि सालीला टेकू मिळत नाही. ती नुसती ताणली जाते व अखेर फाटते, तेव्हा आतील रस जोराने बाहेर उसळतो.

सुरी ओढली म्हणजे काय घडते? कितीही गुळगुळीत दिसली तरी धारेवर डोळ्यांना न दिसणारे बारीक दाते असतात. पाते सालीवरून सरकताना हे दाते सालीत अडकतात आणि तिला एक सूक्ष्म चीर पाडतात. एकदा चीर पडली की ती वाढवावयास फार बळ लागत नाही. कापडाचा दुकानदार काठाला कात्रीने लहानशी खाच देतो आणि मग सारे कापड हातानेच सरळ फाडतो, तसाच हा प्रकार होय.

धारेचे महत्त्वही यातच आहे. हाताचा जोर जितक्या अरुंद जागेवर पडेल, तितका त्याचा दाब वाढतो. धारदार पात्याची कड अतिशय अरुंद असते, म्हणून थोड्या जोरातही काम होते. बोथट पात्याला अधिक जोर लावावा लागतो; मग ते एकाएकी घसरते आणि बोट कापते. म्हणजे धारदार सुरीपेक्षा बोथट सुरीच अधिक धोक्याची ठरते.

आजीची विळी हे काम आपण होऊन करते. पाटावर बसविलेले तिचे पाते वाकडे असते आणि त्याची धार बसणाऱ्याकडे असते. एक पाय पाटावर रोवला की दोन्ही हात मोकळे राहतात. टमाटा दोन्ही हातांनी धरून पुढे सारला म्हणजे पात्याच्या बाकामुळे तो धारेवरून घसरतही जातो. त्यामुळे ओढण्याची क्रिया निराळी करावी लागत नाही. बोटे मात्र धारेपासून दूर, टमाट्याच्या कडेला ठेवावी लागतात. काम संपताच विळी धुऊन, पुसून, पाते मिटवून ठेवावी. कारण टमाट्याचा आंबट रस लोखंडाला काळे पाडतो आणि उघडे पाते पायाला लागण्याची भीती असते.

वाकड्या पात्याचा हा गुण योद्ध्यांनाही ठाऊक होता. १७६० साली याच उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाच्या सैन्यावर विजय मिळविला. त्या काळच्या तलवारींची पाती बहुधा बाकदार असत. वार पडताच ती सरकत जाऊन कापीत. विळी घडविणारे घिसाडी आणि लोहार पाते लाल तापवितात, ऐरणीवर ठोकतात आणि पाण्यात बुडवून त्याला कठीणपणा आणतात. यालाच ‘पाणी देणे’ म्हणतात. तेजस्वी मनुष्याला मराठीत ‘पाणीदार’ म्हणतात, त्या शब्दाशेजारी ही भट्टी आठवावी.

टमाटा हा आपल्या स्वयंपाकघरातील तसा नवा पाहुणा आहे. वांगे आणि काकडी येथे प्राचीन काळापासून आहेत. टमाटा मूळचा अमेरिका खंडातील. त्याचे नावही मेक्सिकोतील जुन्या भाषेतील ‘तोमात्ल’ या शब्दावरून आले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पुढे पोर्तुगीजांमार्फत तो भारतात आला. आज नारायणगाव व पिंपळगाव बसवंत येथे त्याचे मोठे बाजार भरतात. २०२३ च्या जुलै महिन्यात अनेक शहरांत त्याचा भाव किलोला १०० रुपयांच्या वर गेला होता. उलट, भाव कोसळले म्हणजे तोडणीचा खर्चही न निघाल्याने शेतकऱ्यांनी टमाटे रस्त्यावर ओतल्याचे प्रसंगही घडले आहेत. महाग असो वा स्वस्त, प्रत्येक टमाट्यामागे कोणाचे तरी रोप लावणे, पाणी देणे आणि आधाराला काठी बांधणे असतेच. बोथट पात्याखाली जो रस वाया जातो, तो त्या श्रमांचाच असतो.

नातवाने आजीजवळ बसून दुसरा टमाटा हळूच विळीवर धरला आणि पुढे सारला. पातळ, अखंड चकती ताटात पडली. तिच्यातील रसाचे कप्पे आणि बिया जशाच्या तशा जागेवर होत्या. आजीने ताट पुढे ओढले, त्यात शेंगदाण्याचे कूट घातले आणि म्हणाली, “आता उरलेले दोनही तूच चीर.”