बी बटण दाबू की नको?

बालमित्रांनो, आज घरी आईबाबांना एक कोडं घाला. असा कोणता मासा आहे, जो लढाईत नुसत्या उड्या मारतो, त्या उड्यांनी समोरच्याला काडीचंही लागत नाही, आणि तरीही जाणते खेळाडू त्याला जपून ठेवतात?

आईबाबा विचारात पडतील. पण तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी उत्तर आत्ताच ओरडून सांगितलं असेल. मॅजिकार्प! बरोबर. पोकेमॉनमधला तो लाल, गोल डोळ्यांचा, बावळट चेहऱ्याचा मासा. हाच मासा विसाव्या लेव्हलला पोचला की त्याचा ग्यारॅडोस होतो. लांबच लांब निळा सर्प, जबडा वासलेला, रागाने लाल!

असे रूप पालटणारे प्राणी हा पोकेमॉनचा खरा मजेचा भाग. कुणाचं रूपांतर झकास आणि कुणाचं फसलेलं, यावर मधल्या सुट्टीत केवढी भांडणं होतात! आज मीही त्या भांडणात उतरणार आहे. पण आधी पालकांसाठी थोडी ओळख करून देते, म्हणजे तेही मागे राहायला नकोत.

किडे गोळा करणारा मुलगा

पोकेमॉन हा मूळचा जपानी व्हिडिओ गेम. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी 'रेड' आणि 'ग्रीन' अशी त्याची पहिली जोडी गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी बाजारात आली. गवतात, गुहेत, पाण्यात सापडणारे चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं, लढवायचं आणि मित्राकडच्या प्राण्यांशी अदलाबदल करायची, असा हा खेळ. तेव्हा प्राणी होते १५१. पुढे दर काही वर्षांनी नवे खेळ येत गेले आणि २०२२ सालच्या 'स्कार्लेट' व 'व्हायोलेट' या जोडीत हजाराचा आकडाही ओलांडला गेला.

खेळाची कल्पना सातोशी ताजिरी यांची. त्यांचं लहानपण तोक्योजवळच्या माचिदा गावात गेलं. त्यांना किडे गोळा करायचा भारी नाद! तळी, शेतं, झाडाझुडपांत ते किडे शोधत हिंडायचे. पुढे तिथे इमारती उठल्या, तळी बुजली. मोठेपणी दोन गेम बॉय जोडणारी तार बघून त्यांच्या मनात आलं, या तारेवरून एखादा किडा इकडून तिकडे चालत गेला तर? त्यातून हा खेळ जन्मला. म्हणजे या सगळ्या राक्षसांच्या मुळाशी एका मुलाची किड्यांची डबी आहे, बरं का!

ही उत्क्रांती नव्हे!

खेळात प्राण्याचं रूप बदलतं त्याला इंग्रजीत 'इव्होल्यूशन' म्हणतात. जपानीतही उत्क्रांतीचाच शब्द वापरतात. आणि इथेच पुष्कळ मुलांचा घोटाळा होतो. पुढे विज्ञानाच्या पुस्तकात उत्क्रांती भेटली की वाटतं, अरे, हे तर आपल्याला ठाऊक आहे! माकडाची लेव्हल वाढली आणि त्याचा माणूस झाला!

तसं मुळीच नाही. खरी उत्क्रांती कुण्या एका प्राण्याची होत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या चालते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये गिरण्यांच्या धुराने झाडांचे बुंधे काळे पडले. तिथल्या एका जातीच्या पतंगांत बहुतेक पांढुरके होते, थोडे काळे होते. काळ्या बुंध्यावर पांढुरके पतंग पक्ष्यांना चटकन दिसायचे आणि पोटात जायचे. काळे वाचायचे, त्यांची पिल्लं काळी व्हायची. काही दशकांत मँचेस्टरच्या भागात काळ्यांचाच भरणा झाला. एकाही पतंगाने आपला रंग बदलला नव्हता. बदलली ती त्यांची वस्ती. पुढे धूर कमी झाला, बुंधे उजळले आणि पांढुरके पुन्हा वाढले. मग सांगा, यात 'वरची लेव्हल' कोणती? काळा की पांढुरका? कोणतीच नाही!

पोकेमॉनमध्ये घडतं ते सुरवंटाचं फुलपाखरू होण्यासारखं. एकाच प्राण्याने एकाच जन्मात रूप पालटायचं. आपल्या भाषेत याला छान शब्द आहे, रूपांतरण. आणि किडे गोळा करणाऱ्या मुलाच्या डोक्यात दुसरं काय येणार?

बाईंची गुणपत्रिका

आता माझी मतं. मी शिक्षिका, त्यामुळे दहापैकी गुण देणार! पण ताकद किती वाढली याला माझ्याकडे एकही गुण नाही. मी दोनच प्रश्न विचारते. नव्या रूपात जुनं रूप ओळखू येतं का? आणि तो प्राणी बदलला, याचं कारण त्याच्या जगण्यात सापडतं का?

पहिला नंबर केटरपीचा. हिरवा सुरवंट सातव्या लेव्हलला मेटापॉड नावाचा कोश होतो आणि दहाव्या लेव्हलला बटरफ्री नावाचं फुलपाखरू. मेटापॉड नवं शिकतो काय, तर अंग कडक करणं! मुलं कंटाळतात. मला मात्र तोच आवडतो. खऱ्या कोशातही बाहेरून सगळं ठप्प दिसतं, पण आत सुरवंटाच्या शरीराचा बराचसा भाग विरघळून नव्याने घडत असतो. आता थोडी तक्रार. बटरफ्रीचे डोळे नि हात बघा आणि व्हेनोनॅट नावाचा जांभळा किडा बघा. सख्खी भावंडंच! दोन प्राण्यांची चित्रं अदलाबदल झाली असावीत, असा चाहत्यांचा जुना तर्क आहे. खेळ बनवणाऱ्यांनी त्याला दुजोरा दिलेला नाही. पण एक गुण मी कापणारच. दहापैकी नऊ.

मॅजिकार्प. चीनमध्ये एक जुनी दंतकथा आहे. पीत नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहत जाऊन जो मासा 'ड्रॅगनच्या दारा'वरून उडी मारेल, तो ड्रॅगन होतो. जपानमध्ये ५ मे या बालदिनी घरांवर कापडी कार्प मासे फडकवतात, तेही मुलांनी असंच धीराचं व्हावं म्हणून. आता कळलं ना, मॅजिकार्प सारखा उड्या का मारतो? तो सराव चाललेला असतो! पण एक गंमत बघा. ग्यारॅडोस दिसतो ड्रॅगनसारखा, खेळात मात्र त्याचा प्रकार पाण्याचा आणि उडण्याचा. ड्रॅगन नाहीच! कथेशी एवढी बेइमानी? दहापैकी नऊ.

पिजी हा छोटा पक्षी. त्याचा पिजियोटो होतो, मग पिजियॉट. पिसारा वाढतो, अंग वाढतं, बस. जणू एकच फोटो तीनदा मोठा करून काढलाय. ओळखू येतो, पण बदलला का, ते कळत नाही. दहापैकी चार.

डिग्लेट जमिनीतून डोकं काढणारा चिचुंद्रीसारखा प्राणी. सव्विसाव्या लेव्हलला त्याचा डगट्रियो होतो, म्हणजे एकाची तीन डोकी! उरलेले दोघे आले कुठून? कुणी सांगत नाही. कारणासाठी शून्य, पण हसवल्याबद्दल पाच.

रेमोरेड हा मासा आणि त्याचा होतो ऑक्टिलरी, म्हणजे ऑक्टोपस! माशाला पाठीचा कणा, ऑक्टोपसला कणाच नाही. दोघेही तोंडातून नेम धरून मारा करतात, एवढंच काय ते नातं. दहापैकी तीन. पण याच रेमोरेडची दुसरी गोष्ट छान आहे. मँटाइक नावाच्या छोट्या चपट्या माशाचा मँटीन व्हायचा असेल, तर आपल्या चमूत रेमोरेड सोबत असावा लागतो. खऱ्या समुद्रातही रेमोरा नावाचे मासे मोठ्या माशांना चिकटून फिरतात. सोबती असल्याशिवाय वाढ नाही, ही कल्पना मला फार आवडली. तिला नऊ.

ईव्हीला विसरून कसं चालेल? कोल्ह्याच्या पिल्लासारखा हा प्राणी पहिल्या खेळांत तीन रूपं घेऊ शकायचा. पाण्याचा, विजेचा की अग्नीचा दगड दिला, त्यावर ते ठरायचं. १९९९, २००६ आणि २०१३ साली भर पडत ती आठ झाली. माया लावून दिवसा वाढवला तर एक रूप, रात्री वाढवला तर दुसरं! जीव एकच, पण वाट मिळेल तसा घडतो. मधमाश्यांच्या पोळ्यातही हेच चालतं. अळी तीच, पण जिला शेवटपर्यंत राजान्न मिळतं ती राणी होते, बाकीच्या कामकरी. ईव्हीला आठ. दोन कापले, कारण अजून नवं रूप येईल तेव्हा द्यायला नकोत का?

आणि दहापैकी दहा? निन्काडाला! हा सिकाडाच्या पिल्लावरून घेतलाय. विसाव्या लेव्हलला त्याचा निन्जास्क होतो, वाऱ्यासारखा चपळ. पण चमूत एक जागा रिकामी असेल, तर गुपचूप आणखी एक पोकेमॉन येऊन बसतो, शेडिन्जा. हा कोण? निन्काडाची टाकलेली कात! आतून पोकळ, प्राण फक्त एक. सह्याद्रीत पावसाळ्यापूर्वी कर्कश ओरडणारे सिकाडा ऐकलेत ना? त्यांची पाठीवर चिरलेली रिकामी टरफलं बुंध्यांना चिकटलेली सापडतात. ज्याने हा शेडिन्जा सुचवला, त्याने ते टरफल नक्कीच हातात धरून पाहिलं असणार.

पिकाचू नाही म्हणाला

आता महत्त्वाचं. पिकाचूला विजेचा दगड दिला की त्याचा रायचू होतो. १९९७ साली जपानमध्ये सुरू झालेल्या पोकेमॉनच्या कार्टून मालिकेत एक प्रसंग आहे. सर्ज नावाच्या सेनाधिकाऱ्याचा दांडगा रायचू पिकाचूला लोळवतो. पिकाचूपुढे दगड येतो. घे आणि मोठा हो! अ‍ॅश त्याच्यावर जबरदस्ती करत नाही, त्यालाच विचारतो. पिकाचू शेपटीने दगड उडवून लावतो आणि दुसऱ्या दिवशी तशाच छोट्या अंगाने जिंकतो. कसा? चपळाईने. सर्जने आपल्या रायचूला फार लवकर मोठा केला होता, त्यामुळे वेगाचे डाव शिकायचे राहूनच गेले होते!

ही नुसती गोष्ट नाही. खेळातही तसंच आहे. पहिल्या खेळांत दगडाने रायचू केला की लेव्हल वाढूनही तो नवा डाव शिकत नसे. चारमँडरचंही बघा. त्या पहिल्या खेळांत आगीचा 'फ्लेमथ्रोअर' हा डाव त्याला ३८ व्या लेव्हलला यायचा. तोच चारमेलियन झाल्यावर ४२ व्या आणि चारिझार्ड झाल्यावर ४६ व्या लेव्हलला. लहानपणी जे लवकर शिकता येतं, ते मोठं झाल्यावर उशिरा येतं!

म्हणूनच त्या गेम बॉयवर एक सोय होती. प्राणी चमकू लागला, रूप बदलू लागला, की बी बटण दाबायचं. बदल तिथेच थांबतो. काही बिघडत नाही. पुढच्या लेव्हलला खेळ पुन्हा विचारतो. आता बदलायचं का?

मला वाटतं, अख्ख्या खेळातलं सगळ्यात शहाणं बटण हेच. आपण मुलांना सारखं विचारतो, याच्यापुढे कोण गेलं, त्याची लेव्हल किती, तुझी का नाही? आईबाबांनो, हे तुमच्यासाठी आहे, आणि आम्हा शिक्षकांसाठीसुद्धा. प्रत्येकाची विसावी लेव्हल वेगवेगळ्या दिवशी येते. कोशातलं मूल स्वस्थ बसलेलं दिसलं, तरी आत काम चाललेलं असतं. त्याला टोचून लवकर बाहेर काढता येत नाही. आणि मुलांनो, वर्गातल्या कुणाला 'मॅजिकार्प' म्हणून चिडवण्याआधी त्या माशाचं पुढे काय झालं, ते आठवा!

आता एक गृहपाठ. रागावू नका, सोपा आहे. घराजवळ लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं झाड शोधा. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी बारकी अळी सापडेल. मोठी झाली की ती हिरवीगार होते. काडीने तिच्या जवळचं पान हळूच हलवा. डोक्यामागून दोन टोकांचं नारिंगी-लाल शिंग बाहेर येईल आणि उग्र वास सुटेल. ओळखलंत का? केटरपीच्या डोक्यावरचं लाल शिंग ते हेच! अळीला हात लावू नका, तोडून आणू नका. रोज बघा आणि वहीत तारीख घालून चित्र काढा. कोश झाल्यावर साधारण एक-दोन आठवडे धीर धरा. इथे लेव्हल दिसणार नाही, आणि बी बटणही नाही.

आणि हो, गुणपत्रिका पटली नसेल, तर तुमची स्वतःची करा. फक्त अट एकच. प्रत्येक गुणाचं कारण लिहायचं!