संत्रे धरावे कसे

नागपूर-अमरावती महामार्गावरच्या पंक्चरच्या दुकानात जो कंप्रेसर धडधडत असतो, त्याच जातीच्या यंत्रावर मोटारींच्या कारखान्यांतले यांत्रिक हात सुटे भाग उचलतात. कारखान्याच्या नळीत हवेचा दाब बहुधा ६ बार असतो. टायरवाल्याच्या भाषेत हे ८७ पाउंड झाले, म्हणजे कारच्या चाकातल्या हवेच्या पावणेतीन पट. ही हवा सिलिंडरात शिरून पिस्टन ढकलते आणि पिस्टनच्या टोकाची पाचर किंवा तरफ त्या सरळ धक्क्याने समोरासमोरचे दोन जबडे मिटवते. विजेवरचा व्हॉल्व्ह फिरला की हवा पलीकडच्या बाजूने आत येते आणि जबडे उघडतात. पिस्टनचा व्यास २० मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर भरते आणि जोर सुमारे १९ किलोंचा. या आकड्यामुळे असा पकडणारा पंजा, म्हणजे ग्रिपर, हे ताकदीचे यंत्र असा समज होतो. मला तो उलटा वाटतो. ताकद तेलावर चालणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रात कितीतरी अधिक असते. हवेचे मोल आहे ते तिच्या दबण्यात. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणून वस्तू चार मिलिमीटर जास्त जाड निघाली तरी जबडा तिथेच थांबतो आणि दाब तेवढाच राहतो. त्यासाठी त्याला मापे शिकवावी लागत नाहीत.

हे पारखायला गुरुकुंज मोझरीच्या परिसरातल्या संत्र्याइतकी कठीण वस्तू नाही. वरूड-मोर्शीचा पट्टा संत्र्याचाच आणि मोझरीच्या तिवसा तालुक्यातही बागा आहेत. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. नखाने सहज सुटते म्हणून ती खाणाऱ्याला आवडते, पण यंत्राला तीच अडचण. दीडशे ग्रॅमचे फळ रबरी जबड्यांत धरायचे आणि घर्षणाचा गुणांक अर्धा मानायचा, तर प्रत्येक बाजूने दीडशे ग्रॅमचाच दाब पुरतो. हिसक्यासाठी दुप्पट धरला तरी तीनशे. कुठे १९ किलो आणि कुठे तीनशे ग्रॅम! रेग्युलेटर फिरवून हवा कमी केली की पिस्टनची रबरी कडी सिलिंडरला चिकटते आणि जबडा अडखळत, मग एकदम धावतो. लहान पिस्टन घेतला तर हे सुधारते, तरी दाब दोन ठिपक्यांवरच एकवटतो आणि साल आतल्या फोडींवरून घसरते. जबड्यांऐवजी हवा शोषून वस्तू उचलणारा कप घेतला, तर गणित कागदावर छान जुळते: ३० मिलिमीटरचा कप, हवेचा दाब पाचव्या हिश्शाने कमी, आणि पकड जवळपास दीड किलोची. पण पोकळ साल वर ओढली जाते आणि तिच्या खाचखळग्यांतून हवा आत शिरते.

यावर उपाय निघाला तोही हवेतूनच. २०१० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि शिकागो विद्यापीठांच्या संशोधकांनी, आयरोबॉट कंपनीच्या साथीने, रबरी फुग्यात दळलेली कॉफी भरली. फुगा वस्तूवर दाबायचा आणि आतली हवा शोषून घ्यायची. कॉफीचे कण एकमेकांत अडकून फुगा वस्तूच्या आकारात घट्ट होतो. दुसरी वाट आहे रबरी बोटांची. पाठीकडच्या कप्प्यांत हवा भरली की बोट आतल्या बाजूला वळते आणि फळाला बिंदूवर न टोचता तळहातासारखे टेकते.

आक्षेप दोन, आणि दोन्ही खरे. पहिला खर्चाचा. कंप्रेसरला दिलेल्या विजेतला मोठा हिस्सा उष्णता होऊन वाया जातो आणि जुन्या नळ्यांच्या जोडांतून रात्रभर फुसफुस चालू असते. मात्र इथे फरक करायला हवा. जबड्याचा ग्रिपर हवा घेतो तो मिटताना आणि उघडताना. धरून ठेवताना जवळपास काहीच घेत नाही. शोषणाचा कप व्हेंच्युरीवर, म्हणजे वेगाने सोडलेल्या हवेने शोषण करणाऱ्या नळीवर, चालत असेल तर पकडून असेपर्यंत हवा पितच राहतो. म्हणून सरसकट ‘हवा महाग’ म्हणणे मला पटत नाही. महाग आहे ती गळती आणि चुकीची निवड.

दुसरा आक्षेप मोझरीत जास्त टोचेल. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी इथे आश्रम उभारला, त्याच्या शिकवणुकीत ग्रामोद्योग आणि गावच्या हातांना काम ही मोठी गोष्ट आहे. मग हाताऐवजी हवा कशाला? वऱ्हाडाने हा व्यवहार एकदा पाहिला आहे. जिनिंगमध्ये टोपल्यांनी कापूस वाहणाऱ्या बायांचे काम शोषणाच्या पायपांनी नेले. कापसात कचरा कमी झाला हे खरे, पण टोपलीची मजुरीही गेली, आणि हा हिशेब कापूस स्वच्छ झाल्याने मिटत नाही. संत्र्यात मात्र सीमारेषा आखता येते. झाडावरचे फळ ओढून तोडले तर देठापाशी साल फाटते आणि तिथूनच सड लागते. म्हणून ते कात्रीने, देठाचा बारीक तुकडा ठेवून काढावे लागते. पानांच्या दाटीत देठ शोधून कात्री लावणे हे हात-डोळ्याचे काम आज तरी माणसाकडेच राहावे. ग्रिपरची जागा पॅकिंगच्या पट्ट्यावर, जिथे दिवसभर तीच हालचाल करून मनगट धरते.

आणि वीज गेली तर? साध्या, स्प्रिंगने मागे फिरणाऱ्या व्हॉल्व्हवर जबडा त्या क्षणी उघडतो आणि फळ खाली पडते. दोन्हीकडे कॉइल असलेला व्हॉल्व्ह आहे तिथेच थांबतो आणि सिलिंडराला खेटून बसवलेला चेक व्हॉल्व्ह आतली हवा कोंडून धरतो. भारनियमनाच्या गावात हा किरकोळ खर्च टाळू नये. मग कंप्रेसर गप्प झाला, पट्टा अंधारात थांबला, तरी संत्रे रबरी जबड्यांत तसेच राहते.