दप्तराचे वजन आणि वाढते वय

धारवाड मागे टाकून बेळगावच्या वाटेला लागले, की महामार्गालगत बेलूर येते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ याच परिसरात आहे आणि भोवताली औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. अशा गावातून ज्या मुलामुलींना माध्यमिक शिक्षणासाठी धारवाड गाठावे लागते, त्यांचा शाळेचा दिवस पहिल्या तासाच्या घंटेने सुरू होत नाही. तो बसथांब्यावर सुरू होतो, आणि पाठीवरच्या दप्तरासह सुरू होतो. जून २०२३ मध्ये कर्नाटकात स्त्रियांना आणि मुलींना सरकारी बसमधून विनामूल्य प्रवास मिळू लागला. मुलींच्या तिकिटाचा प्रश्न त्यामुळे सुटला, हे उत्तमच झाले. गर्दीचा मात्र सुटला नाही. घरी उचलून पाहताना जे दप्तर बेताचे वाटते, तेच भरलेल्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून उभे राहिल्यावर निराळे वाटू लागते.

‘दप्तर’ हा शब्द मुळात फारसी आहे, आणि तो शाळेचा नसून कचेरीचा आहे. हिशेबाच्या वह्या, सरकारी कागदपत्रे, त्यांचा संग्रह म्हणजे दप्तर. पुण्याचे पेशवे दप्तर याच अर्थाने प्रसिद्ध आहे. कारकुनाचे दप्तर कचेरीत राहते आणि कारकून मोकळ्या हाताने घरी जातो. विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र सगळी कचेरीच पाठीवर घेऊन रोज ये-जा करणे आले.

या ओझ्याविषयी मोठ्या माणसांनी बोलावयास सुरुवात करून बराच काळ लोटला. म्हैसूरचे विख्यात कादंबरीकार आर. के. नारायण हे राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. १९८९ मध्ये तेथील आपल्या पहिल्या भाषणासाठी त्यांनी विषय निवडला तो शाळकरी मुलांच्या पाठीवरील दप्तराचा. पुढे १९९२ मध्ये केंद्र सरकारने प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि तिने १९९३ मध्ये आपला अहवाल सादर केला. दप्तराचे ओझे वाईट खरेच, परंतु शिकविलेले न समजण्याचे ओझे त्याहून वाईट आहे, असा त्या अहवालाचा रोख होता. तो विचार मोलाचा होता यात शंका नाही. पण तीस वर्षांहून अधिक काळ गेला तरी पहिलेही ओझे उतरले नाही आणि दुसरेही नाही.

नियमांची उणीव आहे, असे कोणी म्हणू नये. मुंबई उच्च न्यायालयात याविषयी याचिका झाल्यावर महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५ मध्ये निर्णय काढला, की दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. कर्नाटक सरकारने २०१९ मध्ये इयत्तावार मर्यादा ठरविली आणि २०२३ मध्ये शाळांना तिची पुन्हा आठवण करून दिली. त्यानुसार सहावी ते आठवीसाठी ३ ते ४ किलो आणि नववी-दहावीसाठी ४ ते ५ किलो ही मर्यादा आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर-धोरणात नववी-दहावीसाठी अडीच ते साडेचार किलो असा आकडा असून, त्याच्या मुळाशी तोच दहा टक्क्यांचा नियम आहे.

आता हे गणित एखाद्या मुलीला लावून पाहावे. नववीतील एखाद्या सडपातळ मुलीचे वजन ३८ किलो आहे असे धरू. दहा टक्क्यांच्या हिशेबाने तिचे दप्तर ३ किलो ८०० ग्रॅमचे असावयास हवे. पण इयत्तेच्या तक्त्यात ५ किलोपर्यंत मुभा आहे. म्हणजे ५ किलोचे दप्तर घेऊन ती वर्गात आली, तर ते नियमात बसते आणि तिला मात्र पेलत नाही. त्याच बाकावरील ५० किलो वजनाच्या मैत्रिणीला तेच दप्तर चालून जाते. तेरा ते सोळा या वयात एकाच वर्गातील मुलांच्या अंगलटीत जेवढा फरक असतो, तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या वयात असतो. इयत्ता एक असली म्हणून पाठ एक नसते.

या वयात शरीर आपल्या चालीने वाढत असते. उंची आधी झपाट्याने वाढते आणि स्नायूंचे बळ मागून येते. मुलगा दिसावयास बापाएवढा दिसू लागला, तरी त्याच्या पाठीत बापाचे बळ आलेले नसते. अशा पाठीवर जड ओझे आले म्हणजे शरीर तोल सांभाळण्यासाठी पुढे झुकते, मान पुढे येते, खांदे दुखतात, थकवा लवकर येतो.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. दप्तरामुळे मुलांच्या पाठीचा कणा कायमचा वाकडा होतो, असे पुष्कळदा छातीठोकपणे सांगितले जाते. तसा पुरावा नाही. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या विषयावरील ६९ अभ्यास एकत्र पडताळून पाहिले. त्यांत मिळून ७२ हजारांहून अधिक मुले होती. दप्तराच्या वजनामुळेच पाठदुखी जडते, असे खात्रीने म्हणण्याजोगे त्यांना काही आढळले नाही. तेव्हा मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना कुबडाचा धाक घालण्याचे कारण नाही. पण त्याच पडताळणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. काट्यावरचे वजन आणि पाठदुखी यांचा मेळ नीटसा बसत नव्हता. परंतु ज्या मुलांना स्वतःला दप्तर जड वाटत होते, त्यांच्या पाठदुखीशी त्या वाटण्याचा काही संबंध असावा, असे दिसले.

म्हणजे ‘मला हे जड होते’ हे मुलाचे वाक्य हीच सर्वांत आधी मोजण्याची गोष्ट आहे. आणि नेमके तेच वाक्य आपल्या घरांत ऐकले जात नाही. ‘आम्ही तीन-तीन कोस चालत शाळेला जात होतो’ हे उत्तर तयारच असते. ते खरेही असेल. पण त्या तीन कोसांत पाटी आणि दोन पुस्तके होती, याचा सोयीस्कर विसर पडलेला असतो. एकदा असे उत्तर मिळाले, की किशोरवयीन मूल दुसऱ्यांदा तक्रार करीत नाही. हे वय मोठे मानी असते. मुलगा दप्तर एका खांद्यावर लटकवून ऐटीत चालतो, मुलगी मुकाट्याने पट्टा सारखा करीत राहते. दोघेही काही बोलत नाहीत.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी एखाद्या संध्याकाळी दप्तर रिकामे करून त्यातील वस्तू मुलासमवेत पाहाव्यात. झडती घेण्यासाठी मात्र नव्हे. घरी काटा नसल्यास किराणा दुकानदार नाही म्हणणार नाही. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली बाटलीसकट किलोहून अधिक भरते. ३८ किलोच्या मुलीच्या वाट्याचा चौथा हिस्सा तेथेच संपला. शाळेत पिण्याचे स्वच्छ पाणी असेल तर बाटली रिकामी नेता येते. ते नसेल, तर मुख्याध्यापकांकडे सर्वांत आधी हेच मागणे मागावे. दोनशे पानी लांब वही पाव किलोहून अधिक असते. अशा आठ-दहा वह्या झाल्या, की पुस्तकांना हात लावण्यापूर्वीच अडीच-तीन किलो होतात. शंभर पानी वह्या वापरल्या तर हा भार निम्म्यावर येतो. भरलेली वही घरी ठेवून नवी काढावयाची, एवढेच. दहावीच्या परीक्षेला कर्नाटकात तीन भाषा असतात, त्यामुळे पुस्तके, व्याकरणे, निबंधवह्या यांची संख्या तशीच मोठी. त्यात शाळा सुटल्यावर मूल परस्पर शिकवणीला जात असेल, तर शिकवणीच्या वह्या आणि मार्गदर्शक पुस्तके दिवसभर शाळेत फुकट मिरवून येतात.

तरीही सगळ्याच वस्तू रोज का नेतोस, असे विचारले म्हणजे बहुतेक मुले एकच कारण देतात: न जाणो, सरांनी मागितली तर? भिंतीवरील वेळापत्रकात इतिहास असतो आणि तासाला गणिताचे शिक्षक येतात. एखादे शिक्षक रजेवर असले, की त्यांचा तास दुसरे घेतात. वही नसलेल्या मुलाला उभे राहावे लागते. मग शहाणे मूल काय करते? सगळ्या विषयांचे सगळे सामान रोज पाठीवर घेते. शिक्षेच्या भीतीचे हे वजन कोणत्याही सरकारी तक्त्यात मोजलेले नाही, आणि ते केवळ शाळाच उतरवू शकते. वेळापत्रक पाळावे, तास बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगावे, आणि तसे न सांगता बदललेल्या तासाला वही नसणे हा गुन्हा धरू नये. यास पैसा लागत नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये चंद्रपूर येथे सातवीतील दोन मुलांनी पत्रकार परिषद घेतली होती. वय बारा वर्षे. आठ विषयांसाठी किमान सोळा वह्या-पुस्तके, पाच ते सात किलोंचे दप्तर, आणि ते घेऊन तिसऱ्या मजल्यावरील वर्गापर्यंत चढणे, हे त्यांनी पत्रकारांपुढे मांडले. शाळेकडे आधी मागणी करूनही काही झाले नाही, म्हणून उपोषणाची तयारी त्यांनी बोलून दाखविली. त्या वेळी पुष्कळांनी त्यांचे कौतुक केले. खरे तर ती घटना कौतुकाहून चिंतेची अधिक होती. आपले दप्तर जड आहे, एवढी साधी गोष्ट कोणी ऐकावी म्हणून बारा वर्षांच्या मुलांना वार्ताहर जमवावे लागतात, तर त्यांच्याआधी किती मुलांनी बोलून पाहिले असेल आणि गप्प बसली असतील!

शाळेचे नियम बदलेपर्यंत दप्तर तर न्यावेच लागणार. तेव्हा ते न्यावे कसे, हेही मुलांना शिकविले पाहिजे. ते त्यांना आपोआप येत नाही. सर्वांत जड पुस्तक पाठीला चिकटून यावे आणि हलके सामान बाहेरच्या कप्प्यांत जावे. वजन पाठीपासून जितके दूर, तितके ते शरीराला अधिक मागे ओढते. भरलेली घागर कमरेला टेकवून आणणे आणि हात लांब करून आणणे यांत जो फरक आहे, तोच हा. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर असावेत, ते रुंद असावेत आणि दप्तराचा तळ कमरेखाली लोंबू नये इतके आखूड करावेत. जमिनीवरून उचलताना कमरेत न वाकता गुडघे वाकवावेत. दप्तर एका खांद्यावर टाकण्याची ऐट मुलांना विशेष प्रिय. तीविषयी टोमणे मारून उपयोग होत नाही. दोन्ही पट्ट्यांनी बसमध्ये हात मोकळे राहतात, हे कारण त्यांना अधिक लवकर पटते.

बसमध्ये जागा न मिळाल्यास दप्तर पाठीवरून उतरवून दोन पायांच्या मध्ये ठेवावे. त्याहून चांगला मार्ग आपल्याकडे पूर्वीपासून चालत आला आहे: बसलेल्या प्रवाशाने उभ्या असलेल्या मुलाचे दप्तर मांडीवर घेणे. धारवाडच्या वाटेवर कित्येक अनोळखी मांड्यांवरून अशी दप्तरे रोज जात असतील. मुलाने मागावयाची वाट न पाहता हात पुढे करावा, कारण या वयाची मुले सहसा मागत नाहीत.

आणि एवढे करूनही मूल हाताला मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, किंवा दप्तर उतरवल्यावरही पाठदुखी राहते असे म्हणू लागले, तर ते कंटाळ्याचे निमित्त समजू नये. दप्तर त्याच दिवसापासून हलके करावे आणि मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.