शेवटी शेवटी मिळणारा बोनस

गुरुवारची रात्र. उद्या शाळेला सुट्टी. अबू हमूरच्या एका फ्लॅटमध्ये ताई आणि तिचा धाकटा भाऊ एकाच कॉम्प्युटरवर ‘सिव्हिलायझेशन ६’ खेळतायत. आधी एकाची टर्न, मग दुसऱ्याची. अचानक भाऊ उठतो.

“मी नाही खेळत जा! तुझे रणगाडे भराभर तयार होतात. माझा एक बनेपर्यंत तुझे तीन!”

“अरे, नियम दोघांना सारखेच आहेत ना?”

नियम सारखे आहेत. मग खेळ एकतर्फी का होतो?

या खेळात प्रत्येक शहर दर टर्नला काही उत्पादन करतं. त्यातून इमारती आणि सैन्य तयार होतं. खेळाच्या उत्तरार्धात कारखाने येतात. कारखान्यामुळे जे जास्तीचं उत्पादन मिळतं, तो बोनस. तो किती असावा, हे ठरवणं सोपं नाही.

समजा, कारखान्याला ३०० उत्पादन खर्च होतं आणि तो दर टर्नला ३ परत देतो. खर्च भरून यायला १०० टर्न लागतील. पण खेळ ६० टर्नमध्ये संपणार असेल तर? मग ते वरातीमागून घोडं! असा कारखाना कोण बांधेल?

बरं, बोनस मोठा करू. समजा, ५० टक्के दिला. ताईच्या शहराचं उत्पादन ६० आहे, भावाचं २०. ते आता ९० आणि ३० होईल. आधी फरक ४० चा होता, आता ६० चा झाला. यालाच म्हणतात ‘पैशाकडे पैसा जातो’. त्याऐवजी दोघांना सरळ १० दिले तर ७० आणि ३० होतात. फरक वाढत नाही.

‘सिव्हिलायझेशन ६’ ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. त्यात कारखान्याचा बोनस ठरावीक आहे, आणि तो ६ घरांच्या आतल्या सगळ्या शहरांना मिळतो. पण सुरुवातीला प्रत्येक कारखान्याचा बोनस वेगळा मोजला जायचा. जवळजवळ ६ शहरं आणि ६ कारखाने असले, तर प्रत्येक शहराला ६ × ३ = १८ मिळायचे. सगळ्यांचे मिळून १०८!

नंतर नियम बदलला. एका शहराला एकाच कारखान्याचा बोनस. म्हणजे १०८ चे झाले फक्त १८.

२०१८ मध्ये ‘राइज अँड फॉल’ हा विस्तार आला. त्यात मॅग्नस नावाचा राज्यपाल आहे. त्याला योग्य बढती दिली, की तो असलेल्या शहराला आसपासच्या सगळ्या कारखान्यांचा बोनस मिळतो. पण मॅग्नस एकच! त्याला कुठे ठेवायचं, हा विचार करावाच लागतो. मोठा बोनस परत आला, पण एकाच शहरापुरता.

“ए, इकडे ये,” ताई म्हणते. “तुझी शहरं लहान आहेत, पण जवळजवळ आहेत. मधोमध एक कारखाना बांध. सगळ्यांना फायदा होईल.”

भाऊ परत खुर्चीवर बसतो. “बघू. पण आता माझी टर्न!”

विचार करा आणि सांगा
१. ‘वरातीमागून घोडं’ असं तुम्ही कधी म्हणाल?
२. टक्क्यांच्या बोनसचा फायदा कोणाला जास्त होतो? का?
३. तुम्ही मॅग्नसला कोणत्या शहरात ठेवाल?