नियमांची रांगोळी

दिवाळीच्या पहाटे सातारा जिल्ह्यातील कोरेगावात घरोघरी दारापुढे रांगोळी उमटते. प्रथम जमिनीवर गेरूचा हात दिला जातो. त्यावर उदबत्तीने भोके पाडलेला कागद ठेवून रांगोळी पसरली, की शुभ्र ठिपके तयार होतात. ‘अकरा ते सहा’ एवढेच म्हटले, तरी जाणत्या मुलीला पुरते. मधल्या ओळीत 11 ठिपके. तिच्या वर आणि खाली ओळीगणिक एकेक ठिपका कमी करीत शेवटच्या ओळीत 6. अशा 11 ओळींतील 91 ठिपक्यांचा सुबक षटकोन होतो. त्याच्या एका कोपऱ्यात जी पाकळी काढावी, तीच उरलेल्या पाचांत काढावयाची. सबंध रांगोळी अशी एका छोट्या नियमात साठवलेली असते.

जो नियम माणसाला सांगता येतो, तो यंत्रालाही सांगता येतो. तमिळनाडूतील रांगोळीला कोलम म्हणतात. गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन या मद्रासच्या अभ्यासकांनी 1974 साली कोलमच्या आकृत्या गणिती नियमांनी कशा रचता येतात, हे शोधनिबंधातून दाखविले. त्यापूर्वी 1967 साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी खास मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा निर्माण केली होती. तिच्यातील कासव पडद्यावर आज्ञेप्रमाणे चालते आणि मागे रेघ ठेवते.

‘100 पावले पुढे जा, उजवीकडे 90 अंशांत वळ’, ही आज्ञा चार वेळा दिली, की चौरस पुरा होतो. कारण 90 ची चौपट 360, आणि 360 अंश म्हणजे एक पूर्ण फेरी. प्रत्येक चौरसानंतर कासवाला 10 अंश वळविले, तर 36 चौरसांचे एक गोल फूल फुलते.

आता 90 ऐवजी 89 सांगितले तर? चौरस जुळत नाही. परंतु कासवाला तसेच चालू दिले, तर 360 रेघांनंतर ते निघाल्या जागी परत येते. तोवर मध्ये गोल मोकळी जागा आणि भोवती नाजूक जाळीचे कडे तयार झालेले असते!

या आकृतीला गतीही देता येते. चित्रपटात सेकंदाला 24 स्थिर चित्रे डोळ्यांपुढून सरकतात आणि आपल्याला हालचाल भासते. त्याचप्रमाणे संगणकाने प्रत्येक चित्रात कोन किंचित बदलला, की पडद्यावरील फूल उमलू व मिटू लागते.

यंत्र हजारो रेघा न थकता काढते. मात्र 90 चा कोन सुंदर की 89 चा, हे त्याला कळत नाही. जाळी पाहून थबकणारा, ‘ही ठेवू या’ असे म्हणणारा माणूसच असतो. अंगणातील ठिपके असोत वा पडद्यावरील कासव, नियम कोणता घ्यावा आणि कोठे थांबावे, हे ठरविणे हीच खरी कला होय.