उड्डाण, भरारी की झेप? तिन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे का?

वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरसारख्या कापूस-सोयाबीनच्या गावात मे-जूनमध्ये 'भरारी' हा शब्द दोन प्रकारे कानावर येतो. दहावी-बारावीचा निकाल लागला की 'गावच्या लेकीची भरारी' आणि पेरणी तोंडावर आली की 'भरारी पथक'. एकात कौतुक आहे, दुसऱ्यात धाड. मग या शब्दाचा नेमका अर्थ काय?

'उड्डाण' कुठून आलं?

संस्कृतात 'डी' हा धातू आहे. त्याचा अर्थ आकाशातून जाणं. त्याला 'उद्' म्हणजे 'वर' हा उपसर्ग लागला की 'उड्डयन', 'उड्डीन' असे शब्द होतात. आपलं 'उड्डाण' याच घरातलं.

महाभारताच्या कर्णपर्वात हंस आणि कावळ्याची गोष्ट आहे. उडण्याचे १०१ प्रकार येतात अशी बढाई मारणारा कावळा समुद्रावर दमतो आणि शेवटी हंसच त्याला वाचवतो. कावळ्याच्या यादीत वर जाणारं 'उड्डीन' आहे, तसं खाली येणारं 'अवडीन'ही आहे. योगातल्या 'उड्डियान बंधा'त पोट आत आणि वर ओढतात. तिथेही हाच 'वर'.

मग 'भरारी' वेगळी कशी?

'भरारी'चं नातं पाखरू भर्रकन उडतं त्या आवाजाशी दिसतं. म्हणजे या शब्दात उंचीइतकाच वेगही आहे. 'झेप' मात्र लक्ष्यावर एका दमात घेतलेली उडी. म्हणून विमानाचं उड्डाण रद्द होतं, भरारी नाही. आणि बिबट्या झेप घेतो, उड्डाण करत नाही.

'भरारी पथक' कशासाठी?

लंडनच्या पोलिसांनी १९१९ मध्ये असं फिरतं, झटपट पोहोचणारं पथक उभारलं. त्याच्या इंग्रजी नावातही 'उडणं' आहे. मराठीत त्यासाठी 'भरारी' वापरलं, कारण इथे उंची नको, वेग हवा. परीक्षेतली कॉपी असो, निवडणुकीतला पैसा असो की बोगस बियाणं, पथक न सांगता आलं तरच उपयोग.

बोगस बियाण्याने शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जातो. त्यामुळे पथकाची वाट न पाहता पक्कं बिल, पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं जपून ठेवा. उगवण झाली नाही, तर तक्रारीच्या वेळी हाच पुरावा कामी येतो.