स्पर्शपडद्यावरील खुणांची पेटंटे

स्पर्शपडद्यावरील खुणांची पेटंटे म्हणजे मोबाइल फोनच्या किंवा तत्सम उपकरणाच्या पडद्यावर बोटाने केलेल्या ठरावीक हालचालीला उपकरणाने ठरावीक प्रतिसाद द्यावा, या पद्धतीवर दिलेले मर्यादित मुदतीचे एकाधिकार होत. बोट सरकवून फोनचे कुलूप उघडणे, दोन बोटे फाकवून चित्र मोठे करणे, यादी संपल्यावर ती रबराप्रमाणे ताणली जाऊन मागे येणे, ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. २०११ ते २०१८ या काळात अशा पेटंटांवरून अमेरिका व युरोपातील न्यायालयांत मोठे खटले चालले. भारतीय पेटंट कायद्याने मात्र आज्ञावलीवरील एकाधिकाराला मर्यादा घातल्यामुळे येथील फोन-बाजारातील तंटे निराळ्या कारणांवरून झाले. पडद्यावरील खुणेचाच आधार घेऊन मुंबईच्या उपनगरात, पवई येथील आयआयटीमध्ये तयार झालेला ‘स्वरचक्र’ हा देवनागरी कळफलक या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

पेटंट नेमके कशावर असते

बोटाच्या हालचालीवर कोणाचीही मालकी असू शकत नाही. पेटंट असते ते ती हालचाल ओळखून तिला प्रतिसाद देण्याच्या यंत्राच्या रीतीवर. उदाहरणार्थ, अॅपल कंपनीच्या ‘९१५’ या शेवटच्या तीन अंकांनी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी पेटंटात, पडद्याला एका बोटाचा स्पर्श झाला तर मजकूर सरकवावा आणि दोन वा अधिक बोटांचा झाला तर त्याचा आकार बदलावा, असा भेद करण्याची पद्धत सांगितली होती. लोकभाषेत मात्र याला ‘चिमटीचे पेटंट’ असेच नाव पडले. ‘३८१’ हे पेटंट मजकुराच्या कडेशी होणाऱ्या रबरी उसळीविषयी, ‘१६३’ हे टिचकी मारून पानाचा हवा तो भाग मोठा करण्याविषयी, तर ‘७२१’ हे सरकवून कुलूप उघडण्याविषयी होते.

पेटंट मिळण्यासाठी कल्पना नवीन असावी लागते आणि त्या क्षेत्रातील जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नसावी लागते. आधीपासून सार्वजनिक असलेल्या माहितीला पूर्वज्ञान म्हणतात. खुणांच्या बाबतीत वादाचे मूळ येथेच होते, कारण स्पर्शपडदा आयफोनपेक्षा पुष्कळ जुना आहे. ब्रिटनमधील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये त्याविषयी लेखन केले होते. बहुस्पर्शाचे तंत्र विकसित करणारी ‘फिंगरवर्क्स’ ही डेलावेअर विद्यापीठातील संशोधकांची कंपनी अॅपलने २००५ मध्ये विकत घेतली. स्वीडनच्या ‘निओनोड’ कंपनीच्या छोट्या फोनवर बोट सरकवून कुलूप उघडण्याची सोय आयफोनच्या आधीच होती. त्या फोनचा खप फारसा झाला नाही, परंतु न्यायालयांत त्याचे नाव पुन्हा पुन्हा निघाले.

खटले

अॅपलने एप्रिल २०११ मध्ये सॅमसंगविरुद्ध कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा दाखल केला. २४ ऑगस्ट २०१२ रोजी ज्यूरीने सुमारे १०५ कोटी डॉलरांची भरपाई ठरवली, तेव्हा ‘चिमटी आता अॅपलची झाली’ अशा आशयाच्या बातम्या जगभर छापून आल्या. पुढील सहा वर्षांत या रकमेचा मोठा भाग गळून पडला. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ‘९१५’ची फेरतपासणी करून त्यातील दावे नाकारले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आले आणि मे २०१८ मध्ये नव्या ज्यूरीने सुमारे ५३.९ कोटी डॉलर ठरवले.

या शेवटच्या आकड्याची विभागणी लक्षपूर्वक पाहावी लागते. त्यातील सुमारे ५३.३ कोटी डॉलर फोनच्या बाह्य रूपाच्या आराखड्यांसाठी होते. उसळी आणि टिचकी या दोन पेटंटांच्या वाट्याला आले सुमारे ५३ लाख डॉलर, म्हणजे एकूण रकमेच्या जेमतेम एक टक्का. सरकवून कुलूप उघडण्याच्या पेटंटाची कथाही अशीच आहे. २०१४ च्या दुसऱ्या खटल्यात ठरलेल्या ११.९६ कोटी डॉलरांपैकी या खुणेसाठीची रक्कम सुमारे ३० लाख डॉलर इतकीच होती. गाजावाजा खुणांचा झाला, पैसा मात्र इतर गोष्टींचा मिळाला. जून २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड केली. तिच्या अटी जाहीर झाल्या नाहीत.

युरोपात अॅपलला याहून कमी यश मिळाले. जुलै २०१२ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने एचटीसीच्या बाजूने निकाल देताना कुलपाचे पेटंट अवैध ठरवले. निओनोडचा फोन समोर असताना ही सुधारणा जाणकाराला सहज सुचण्यासारखी होती, असे न्यायालयाचे मत पडले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानेही ऑगस्ट २०१५ मध्ये तेथील पेटंट रद्द केले. गंमत अशी की २०१६ मध्ये आयओएस १० या आवृत्तीत अॅपलने स्वतःच ही खूण आयफोनवरून काढून टाकली. त्या वेळी तिच्यावरील अमेरिकेतील खटला अद्याप संपला नव्हता.

स्पर्धेवरील परिणाम

या पेटंटांमुळे प्रतिस्पर्ध्यांचे फोन बाजारातून कायमचे हटले नाहीत. बहुतेक कंपन्यांनी वळसा घेतला. यादी संपल्यावर उसळी घेण्याऐवजी कडेला निळसर प्रकाश दाखवावा, ही सॅमसंगची युक्ती त्यांपैकीच एक. ऑगस्ट २०११ मध्ये हेग येथील न्यायालयाने छायाचित्रे सरकवण्याच्या पद्धतीवरून सॅमसंगच्या काही फोनवर मनाई केली, तेव्हा कंपनीने आज्ञावली बदलून विक्री चालू ठेवण्याचा मार्ग धरला. एचटीसीने नोव्हेंबर २०१२ मध्ये अॅपलशी दहा वर्षांचा परवाना-करार केला.

खरा भार पडला तो वेगळ्या ठिकाणी. अनेक देशांत वर्षानुवर्षे खटले लढवणे बलाढ्य कंपन्यांनाच परवडते. लहान उत्पादकाला निकालाची वाट पाहण्याइतका अवधी नसतो, त्यामुळे दुबळे पेटंटही त्याच्यापुरते बळकट ठरते. वापरणाऱ्यांचेही नुकसान होते. एकच काम करण्यासाठी प्रत्येक फोनवर वेगळी खूण शिकावी लागली, तर फोन बदलणे अवघड होते.

भारतातील स्थिती

भारताच्या पेटंट अधिनियम, १९७० मध्ये २००२ च्या दुरुस्तीने कलम ३(के) आले व ते मे २००३ पासून अमलात आले. गणिती वा व्यावसायिक पद्धती, गणनविधी आणि ‘केवळ आज्ञावली म्हणून’ असलेली संगणक-आज्ञावली हे शोध मानले जाणार नाहीत, असे ते कलम सांगते. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने हा निर्बंध सैल केला होता. २००५ मध्ये संसदेने कायदा करताना तो बदल वगळला.

तथापि दार पूर्ण बंद नाही. ‘केवळ’ या एका शब्दावर पुष्कळ काही अवलंबून आहे. पेटंट कार्यालयाच्या फेब्रुवारी २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत नवीन यंत्रभागाची अट होती, ती जून २०१७ मध्ये काढण्यात आली. फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये असे म्हटले की, आज्ञावलीमुळे तांत्रिक परिणाम वा तांत्रिक योगदान सिद्ध होत असेल, तर ती आज्ञावलीवर आधारित आहे एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळू नये. त्यामुळे एखाद्या खुणेसाठी येथे अर्ज करणाऱ्याला ती आकर्षक वा सोयीची आहे एवढे सांगून भागत नाही. तिच्यामुळे यंत्राच्या कार्यात तांत्रिक फरक काय पडतो, हे दाखवावे लागते. अंधेरी, पवई वा मुलुंड येथील अर्जदाराचा अर्ज मुंबई कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. ते अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणीही त्याला हरकत घेऊ शकतो. पूर्वज्ञानाचा पुरावा देण्याची ही संधी सामान्य नागरिकालाही आहे, पण ती फारशी कोणाला ठाऊक नसते.

भारतीय बाजारात गाजलेले तंटे खुणांवरून झाले नाहीत. मदुराईच्या एका संशोधकाला एकाच फोनमध्ये अनेक सिमकार्डे वापरण्याच्या रचनेवर पेटंट मिळाले होते. त्याच्या आधारे सीमाशुल्क विभागाकडे नोंद झाल्यावर २००९ मध्ये दोन सिमच्या फोनचे आयात माल अडकू लागले. बौद्धिक संपदा अपील मंडळाने ते पेटंट २०१२ मध्ये रद्द केले. मधल्या काळात स्वस्त फोन आणणाऱ्या कंपन्यांना न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. जून २०१८ मध्ये सीमाशुल्काच्या त्या नियमांतून पेटंटांचा उल्लेखच काढण्यात आला. दुसरीकडे, मार्च २०१३ मध्ये एरिक्सनने मायक्रोमॅक्सविरुद्ध आणि डिसेंबर २०१४ मध्ये शाओमीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावे लावले. ते फोनला जाळ्याशी जोडणाऱ्या प्रमाणित तंत्रज्ञानाविषयी होते. खुणेला वळसा घालता येतो, प्रमाणित तंत्रज्ञानाला घालता येत नाही; म्हणूनच हे दावे भारतीय कंपन्यांना अधिक जड गेले.

स्वरचक्र

इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसाठी घडलेला कळफलक देवनागरीला अपुरा पडतो. स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे यांना स्वतंत्र कळा द्यायच्या, तर फोनचा पडदा पुरत नाही. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी व सहकाऱ्यांनी यावर जो उपाय शोधला, तो २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ या नावाने लोकांसमोर आला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. ‘क’वर बोट ठेवताच त्याभोवती का, कि, की, कु यांसारख्या रूपांचे चक्र उमटते आणि हव्या त्या रूपाकडे बोट सरकवून उचलले की ते अक्षर लिहिले जाते. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला यात नव्याने शिकण्यासारखे थोडेच उरते.

चक्राकार निवडीची ही कल्पना संगणकशास्त्राला नवीन नव्हती. वर्तुळाचे भाग पाडून त्यांतून पर्याय निवडण्याच्या पद्धतीवरील अभ्यास १९८८ मध्येच प्रसिद्ध झाला होता. नवीन होती ती बाराखडीशी घातलेली तिची सांगड. बोट ठेवून दिशेने सरकवणे या मूळ खुणेवर एखाद्या कंपनीचा निर्वेध हक्क असता, तर असा कळफलक लोकांना देण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी लागली असती, कदाचित शुल्कही भरावे लागले असते. स्वरचक्र अँड्रॉइड फोनसाठी विनामूल्य उपलब्ध करण्यात आले आणि मराठी व हिंदीबरोबरच गुजरातीसह इतर भारतीय भाषांसाठीही त्याच्या आवृत्त्या निघाल्या.